भावासाठी रडताना बिशप अँब्रोजनं रोमन कवी व्हर्जिलची ओळ घेतली. मग ते रडणं खरं कसं मानायचं?

जुजबंदी

येत्या ऑगस्टात पप्पांना जाऊन वर्ष होईल. वर्षाच्या स्मरणभक्तीला घरच्यांतर्फे कोणीतरी चार शब्द बोलायचे असं ठरलं आणि दोन्ही भावांनी ते माझ्यावर सोपवलं. मी कधी चारचौघांत बोललेली नाही.

आम्ही गुरुवार पेठेतले. पप्पा बुकबाइंडर होते. मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, 'उपासना संगीत' ही गीतांची पुस्तकं पाठीत उसवली की आमच्याकडे यायची. पप्पा जुनी शिवण उकलायचे, जुजं, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, वेगळी करायचे आणि नव्या दोऱ्यानं पुन्हा बांधायचे. मोरचूद घातलेल्या खळीचा वास आमच्या घराला कायमचा होता. अजूनही त्यांची लाकडी दाबपट्टी कपाटाखाली आहे आणि तिच्यावर वाळलेली खळ आहे. मी ती खरवडलेली नाही.

दफनाच्या दिवशी मूठभर माती टाकताना मला हुंदका आवरला नाही. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "ज्यांना आशा नाही ते रडतात, बाळ. आपण नाही." त्यांच्या मनात माया होती, हे मला कळतं. पण मी तिथे जी गप्प झाले ती झालेच.

चार महिन्यांपूर्वी एका ओळखीच्या सिस्टरांनी मला अँब्रोजचं भाषण वाचायला दिलं, इंग्रजी भाषांतरात. मिलानचा हा बिशप चौथ्या शतकात सख्ख्या भावाच्या, सॅटिरसच्या, अंत्यविधीला उभा राहून बोलला. त्यात तो सरळ म्हणतो की मी रडलो, कबूल करतो, पण प्रभूही रडला. तो परक्यासाठी रडला, मी तर भावासाठी. हे वाचून मी पुस्तक मिटून खूप वेळ बसले. इतक्या महिन्यांनी मला कोणीतरी परवानगी दिली असं वाटलं.

पुढे एका जागी तो म्हणतो, तुझे शेवटचे श्वास मी माझ्या तोंडानं घेतले, मरताना तुझ्या तोंडात माझा श्वास फुंकला, काही उपयोग झाला नाही. आणि त्याखाली संपादकाची तळटीप: ही कल्पना व्हर्जिलच्या महाकाव्यातली, डायडो राणीच्या मरणाच्या प्रसंगातली. मग मी तळटीपाच वाचत सुटले. हे रोमन वक्ता सिसेरोचं, ते ग्रीकांच्या सांत्वनग्रंथांतलं. भाषणाचा साचासुद्धा वक्तृत्वाच्या शाळेत शिकवला जायचा म्हणे.

तेव्हापासून मन खट्टू आहे. भाऊ समोर निजलेला असताना माणसाला पाठ केलेली ओळ आठवते? मग त्याचं रडणं त्याचं किती आणि शाळेचं किती? मला भाषण लिहायचं आहे, म्हणून विचारते आहे. जाणकारांनी सांगावं.

---

नगर_रोड

ताई, आधी तुमच्या पप्पांना माझा नमस्कार.

मी तरुणपणी नगर रोडवरच्या सेमिनरीत सहा वर्षं होतो. धर्मगुरू झालो नाही, पुढे शाळेत शिकवलं, पण तिथं शिकलेलं लॅटिन सुटलं नाही. तुम्ही म्हणता ते अँब्रोजचं भाषण मी दरवर्षी एकदा वाचतो. माझा थोरला भाऊ 2009 साली गेला, तेव्हापासून. म्हणून जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

त्या श्वासाच्या ओळीपासून सुरू करतो, कारण तुम्हाला बोच तिथं लागली आहे. व्हर्जिलमध्ये डायडो चितेवर मरते आहे. तिची बहीण ॲना धावत वर चढते आणि म्हणते, पाणी आणा, मला तिच्या जखमा धुऊ द्या, आणि एखादा शेवटचा श्वास अजून घुटमळत असेल तर तो मी माझ्या तोंडानं टिपून घेईन. ॲनाची ही इच्छा आहे. 'असेल तर' या शब्दांवर ती उभी आहे. आता अँब्रोज पाहा. तो म्हणतो, मी टिपले. शेवटचे श्वास घेतले, माझा श्वास तुझ्यात फुंकलाही. मला वाटत होतं, एकतर तुझं मरण मी माझ्यात ओढून घेईन नाहीतर माझं आयुष्य तुझ्यात ओतीन. काही काही उपयोग झाला नाही. व्हर्जिलची बहीण जिथं आशेनं थांबते, त्याच्या पुढं हा भाऊ गेलेला आहे आणि हात रिकामे घेऊन परत आलेला आहे. ही उसनवारी मला तरी कधी पोकळ वाटली नाही. लॅटिन शाळेतल्या प्रत्येक मुलाला व्हर्जिल तोंडपाठ असायचा, आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना तुकोबा असतात तसा. अशा वेळी ओळ आठवावी लागत नाही, ती आत असतेच.

आता साच्याबद्दल. होय, साचा होता, आणि तो ख्रिस्ती नव्हता. मेनँडर नावाच्या ग्रीक वक्तृत्वशिक्षकाच्या नावावर तिसऱ्या शतकाच्या अखेरची एक पोथी आहे. लग्नात कसं बोलावं, सुभेदार आला तर कसं बोलावं, कोणी गेलं तर कसं बोलावं, सगळं तीत आहे. मरणाच्या भाषणांचे तो प्रकार पाडतो. नुसता विलाप वेगळा, सांत्वनाचं भाषण वेगळं, आणि मेलेल्याचा गौरव करणारं भाषण वेगळं. सांत्वन करणाऱ्याला तो सांगतो की सुरुवातीलाच समजूत काढू नकोस. आधी तूही रड, गेलेल्या माणसाची थोरवी सांगून दुःख वाढव, आणि मग हळूहळू वळ. मरण सगळ्यांना आहे, देवांच्या मुलांनाही सुटलं नाही, नगरंही मरतात असं म्हण. तो आता देवांच्या सहवासात असेल, वरून आपल्याकडे बघत असेल आणि रडणाऱ्यांवर रागावतही असेल, असं सांग. आणि विलाप दीडशे ओळींपेक्षा लांबवू नकोस, शोकात असलेल्या माणसाला लांबलचक बोलणं सोसत नाही. हा शेवटचा सल्ला वाचला की मला वाटतं, हा माणूस स्वतः कधीतरी अशा सभेत पुढच्या रांगेत बसलेला असणार.

आपले चर्चचे वडील, म्हणजे पहिल्या काही शतकांतले थोर ख्रिस्ती लेखक, याच शाळेत घडले. त्या काळी वेगळी 'ख्रिस्ती शाळा' नव्हतीच. नाझियान्झचा ग्रेगरी आणि बॅसिल अथेन्सला एकत्र शिकले. 362 साली सम्राट ज्युलियननं ख्रिस्ती शिक्षकांना होमर वगैरे शिकवायला बंदी केली, तेव्हा ग्रेगरी जो संतापला तो त्याच्या भाषणांत आजही धगधगतो. ती भाषा आपलीही आहे, हे त्याचं म्हणणं होतं.

त्याचा धाकटा भाऊ सीझेरियस दरबारात वैद्य होता. 368 साली निकाया शहराला मोठा भूकंप झाला, त्यातून तो वाचला आणि थोड्याच दिवसांत आजारानं गेला. म्हातारे आईवडील समोर बसलेले असताना ग्रेगरीनं भाषण केलं. साचा तंतोतंत पाळला आहे: आधी आईवडील, मग शिक्षण, अलेक्झांड्रियातली भूमिती, खगोल आणि वैद्यक, मग दरबार, मग मरण, मग समजूत. पण त्याच्या मधोमध आई दिसते. शोकाच्या कपड्यांऐवजी सणाची वस्त्रं नेसलेली, अश्रूंना आवरून स्तोत्रांबरोबर चालणारी. ग्रेगरी म्हणतो, तिचे अश्रू तत्त्वज्ञानानं जिंकले. शब्द ग्रीकांचा आहे, आई त्याची आहे.

आता माझ्या घरचं सांगतो. आमचं मूळ गाव नगर जिल्ह्यात. भावाची बातमी कळल्यावर आमची मावशी एसटीतून उतरली ती फाट्यापासूनच सुरात रडत आली. तुम्ही शहरातल्या, हे ऐकलं असेल की नाही माहीत नाही. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका गाऊन रडतात, मग त्या मिस्साला जाणाऱ्या असोत की पंढरीला. शब्द सगळे ठरलेले. घराचा वासा मोडला, भरल्या घरातला दिवा विझला, उन्हाची सावली गेली. हेच शब्द तिनं आमच्या वडिलांच्या वेळीही म्हटले होते. त्याच्याही आधी आजीच्या वेळी. आणि त्याच सुरात, एकही ठोका न चुकवता, तिनं मध्येच घातलं: "आता पहाटंचं मोटार चालू कराया विहिरीवर कोण जाईल रं!" भाऊ तीस वर्षं रोज पहाटे साडेचारला विहिरीवर जायचा. मी तोवर कोरडा होतो. त्या एका ओळीला मोडून पडलो.

सगळ्या ठरलेल्या ओळी नसत्या, तर ती एक ओळ बाहेर आली नसती. वाशानं आणि दिव्यानं मावशीला श्वास दिला, चाल दिली, आणि त्या चालीवर तिची स्वतःची ओळ आली. अँब्रोजही असाच लिहितो. नश्वरतेच्या ठरलेल्या गोष्टी सांगता सांगता तो मध्येच सांगतो की आम्ही दोघं इतके सारखे दिसायचो की लोकांची गल्लत व्हायची, एकाशी बोललेलं दुसऱ्याशी बोललो असं समजायचे. हे कुठल्या पोथीत सापडणार?

---

शुक्रवार_पेठ

मी संस्कृतची विद्यार्थिनी, ख्रिस्ती वाङ्मय फारसं वाचलेलं नाही. पण मेनँडरचा क्रम वाचून अंगावर काटा आला, कारण कालिदासाच्या रघुवंशाच्या आठव्या सर्गात जवळपास हाच क्रम आहे. नारदाच्या वीणेवरची माळ पडून राणी इंदुमती जाते, आधी तिच्या नवऱ्याचा, राजा अजाचा, विलाप येतो, आणि मग वसिष्ठ शिष्याकरवी निरोप पाठवतात: मरण ही देहधाऱ्यांची प्रकृती, जगणं हीच विकृती. म्हणजे तेच, सगळ्यांनाच मरायचं आहे.

मला नेहमी भिडतं ते त्याच्या पुढचं. कालिदास अजाचं समाधान झालं असं दाखवत नाही. तो शिष्याला मान देऊन परत पाठवतो, पण निरोप त्याच्या हृदयात शिरत नाही. मुलगा लहान म्हणून तो कशीबशी आठ वर्षं काढतो आणि मग देह ठेवतो. सांत्वन उत्तम होतं. ते पुरलं नाही, हेही कवीनं लिहून ठेवलं.

जुजबंदी ताई, तुम्हाला रडू नको म्हणणाऱ्यांचं चुकलंच असं मला वाटतं.

---

मंडळीतला

मी स्वतः मंडळीत वचन सांगतो. कोणाला दुखवायचं नाही, पण मनापासून वाटतं ते लिहितो.

ख्रिस्ती माणसाच्या स्मरणभक्तीत लोक जिवंत वचन ऐकायला येतात. पौलानं थेस्सलनीकाकरांना पहिल्या पत्रात सगळं लिहून ठेवलं आहे. पुनरुत्थान आहे, म्हणून आशा आहे. सिसेरोला हे ठाऊक नव्हतं, सेनेकाला नव्हतं. मग दिवा मिळाल्यावर पुन्हा अंधारात चाचपडलेल्यांच्या गोष्टी कशाला? बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमलासुद्धा स्वप्नात न्यायासनापुढं ऐकावं लागलं होतं की तू ख्रिस्ताचा नाहीस, सिसेरोचा आहेस, आणि फटके बसले होते.

ताई, वडिलांची साक्ष द्या, वचन वाचा. तेवढं पुरेसं आहे.

---

जुजबंदी

सगळ्यांचे आभार. सर, तुमच्या मावशींची ओळ मी आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "माझी आजी अशीच रडायची. आम्ही शहरात आलो आणि लाजायला लागलो."

मंडळीतला दादा, तुमचं म्हणणं मला कळतं. वचन तर मी वाचणारच. पण खरं सांगते, दफनाच्या दिवशी तेच वचन माझ्या तोंडावर दार लावल्यासारखं लागलं. वचन तसं नाही, हे मला माहीत आहे. मग ते तसं का लागलं?

आणि सर, एक विचारायचं राहिलं. साचा पाळून त्यात आपली ओळ घालणं मला समजलं. पण आशेचं काय? ग्रीक-रोमन लोक 'सगळ्यांनाच मरायचं आहे' म्हणून समजूत काढत होते. ख्रिस्ती माणूस 'पुन्हा भेटू' म्हणतो. एकाच साच्यात हे दोन्ही कसं बसलं?

---

नगर_रोड

ताई, फार नेमकं विचारलंत. याचं उत्तर मी दोन पत्रं शेजारी ठेवून देतो, कारण याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

पहिलं पत्र ख्रिस्तपूर्व 45 सालचं. सिसेरोची मुलगी टुलिया बाळंतपणानंतर गेली. हा एवढा मोठा वक्ता, पण पार कोसळला. मित्राला लिहितो की सकाळी दाट रानात शिरतो आणि संध्याकाळपर्यंत बाहेर पडत नाही. स्वतःचं सांत्वन करायला त्यानं एक ग्रंथच लिहिला, तो आज हरवलेला आहे. त्या दिवसांत सुल्पिशियस नावाच्या मित्राचं पत्र आलं. तो म्हणतो, मी आशियातून जहाजानं परत येत होतो. मागं एजायना, पुढं मेगारा, उजवीकडे पिरेयस, डावीकडे कॉरिंथ. एके काळची भरभराटलेली शहरं, आज डोळ्यांपुढं पडकी पडलेली. मनात आलं, इतक्या नगरांची प्रेतं एका जागी पडली असताना आपण क्षुद्र माणसं एखाद्याच्या मरणानं एवढे का कळवळतो? मेनँडरच्या पोथीत नंतर जे सूत्र झालं, 'नगरंही मरतात', ते इथं समुद्रावर डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सव्वाचारशे वर्षांनी अँब्रोजनं फॉस्टिनस नावाच्या माणसाला पत्र लिहिलं. त्याची बहीण गेली होती आणि त्याचं दुःख हटत नव्हतं. अँब्रोजनं सुल्पिशियसचं पत्र उघडपणे समोर ठेवलं आहे, 'नगरांची प्रेतं' हा शब्दसुद्धा तोच. पण शहरं बदलली. बोलोन्याकडून येताना तुझ्या मागं क्लाटर्ना राहिलं, खुद्द बोलोन्या, मोडेना, रेज्जो राहिलं, उजव्या हाताला ब्रेशेल्लो, समोर पियाचेंझा. ग्रीसचा समुद्र गेला आणि उत्तर इटलीतला एक साधा रस्ता आला, जो फॉस्टिनसच्या पायाखालचा होता. 'मी जात होतो' याचं 'तू येत होतास' झालं. एवढ्याशा फरकानं पत्र त्याचं झालं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या पुढच्या वाक्यात आहे. सुल्पिशियसचा हिशोब असा की शहरंही मेली, मग एका बाईचं काय. अँब्रोज तोच हिशोब घेतो आणि उलटा फिरवतो. ही शहरं कायमची पडली, पुन्हा उठणार नाहीत. तुझी बहीण मात्र काही काळापुरती नेली आहे. म्हणजे तुलना तीच, पण आता दगडांची बाजू हलकी आणि त्या एका बाईची जड. जुनी शिवण उकलून, जुजं तीच ठेवून, नव्या दोऱ्यानं बांधलेलं पुस्तक आहे हे. तुमच्या घरचा शब्द वापरला, राग मानू नका.

मंडळीतला भाऊ, तुम्ही जेरोमचं स्वप्न सांगितलंत, ते खरंच आहे. पण तोच जेरोम 396 साली हेलिओडोरस बिशपाला त्याच्या तरुण भाच्याच्या, नेपोशियनच्या, मरणावर लिहितो तेव्हा ग्रीक सांत्वनकारांची नावंच मोजतो, सिसेरोची आठवण काढतो, आणि शेवटाकडे झर्क्सिसची गोष्ट सांगतो: उंचावरून आपलं अफाट सैन्य पाहताना तो राजा रडला, कारण शंभर वर्षांनी यातलं कोणीच नसणार. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसमधली गोष्ट, एका बिशपाच्या दुःखात. फटक्यांनी त्याची वाचनाची भूक गेली नाही, ती कामाला लागली. याच जेरोमनं बारा वर्षांपूर्वी पॉला नावाच्या बाईला, तिची मुलगी गेल्यावर, फार रडू नकोस म्हणून कडक शब्दांत लिहिलं होतं. ते पत्र मला आजही जड जातं. तरी त्याची सुरुवात पाहा, तिथं तोही रडतो आहे. ताईंना अडवणाऱ्या त्या गृहस्थांनी एवढंच केलं असतं, आधी स्वतः दोन टिपं गाळली असती, तर तेच वचन दार उघडणारं झालं असतं. पौल 'खेद करू नका' एवढ्यावर थांबत नाही, 'आशा नसलेल्यांसारखा करू नका' म्हणतो. आणि तो भाग 'या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा' असा संपतो. सांत्वन करायला शोक करणारा लागतो ना?

एक गोष्ट राहते. ग्रीक लेखक प्लुटार्कची मुलगी दोन वर्षांची होऊन गेली, तो प्रवासात होता. बायकोला पाठवलेल्या पत्रात तो सगळे तत्त्वज्ञानाचे मुद्दे मांडतो, पण त्यात एक आठवण आहे: ती पोर दाईला सांगायची, माझ्या खेळण्यांनाही पाज, दुसऱ्या बाळांनाही पाज. हा ख्रिस्ती नव्हता. तरी चर्चच्या वडिलांतही मला हेच दिसतं, की मुद्द्यांच्या मध्ये कुठंतरी ते लेकरू दिसलं पाहिजे.

---

मंडळीतला

नगर_रोड काका, अँब्रोजच्या पत्राचं मला ठाऊक नव्हतं. 'काही काळापुरती नेली आहे' हे येत्या रविवारी सांगेन. आमच्या मंडळीत एका घरी तरुण मुलगा गेला आहे, तिथं काय बोलावं हे मला पंधरा दिवस सुचत नव्हतं. पौलाबद्दलचं तुमचं म्हणणंही मान्य. ताई, तुमच्या बाबतीत जे घडलं त्याचं मला वाईट वाटतं. असं मीही कोणाला तरी बोललो असेन.

---

शुक्रवार_पेठ

आपल्याकडेही हे आहेच. ज्ञानेश्वरांच्या समाधीचे नामदेवांचे अभंग पाहा. निवृत्तिनाथ गुरू, ज्ञानी, त्यांनी तरी स्थिर राहायला हवं. पण नामदेव लिहितात की बांधलेल्या तळ्याचा पाट फुटावा तसं झालं. आळंदीला समाधीपाशी उभं राहिलं की मला ज्ञानेश्वरीच्या आधी हा पाट आठवतो. आणि गोव्यात सतराव्या शतकाच्या आरंभी फादर स्टीफन्सनी ख्रिस्ताची कथा ओवीत लिहिली, तेव्हा ती ओवीही त्यांना इथल्याच पाटातून मिळाली.

---

जुजबंदी

काल रात्री बसून लिहायला सुरुवात केली.

सर, राग कसला, ते शिवणीचं वाक्य मी आधीच वहीत उतरून घेतलं.

पप्पा पुस्तकं पोचवायला चालत जायचे. खांद्यावर कापडी पिशवी, तीत वजनदार बाड. मी सहावी-सातवीत असताना सुट्टीत त्यांच्याबरोबर जायची. काल मी तोच रस्ता एकटी चालले. मंडईपाशी पाठीमागं आमची पेठ राहिली. वाटेत ते जिथून पुठ्ठा घ्यायचे ते दुकान बंद आहे, तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. शनिपाराजवळ त्यांचे मित्र एका बोळात छापखाना चालवायचे, ट्रेडल मशीनचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. तिथं आता पार्किंग आहे. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं तेवढीच आहेत, पण हातानं शिवलेलं एकही दिसलं नाही. सुल्पिशियसची शहरं मला त्या चौकात उभ्या उभ्या कळली. माझी ती शहरं अर्ध्या तासाच्या रस्त्यात बसली.

मग घरी येऊन मी आमचं 'उपासना संगीत' काढलं, पप्पांनी शेवटचं बांधलेलं. पाठ उघडून पाहिली. आतल्या बाजूला, पुठ्ठ्याखाली, त्यांनी पेन्सिलीनं तारीख आणि किती जुजं ते लिहून ठेवलं आहे. प्रत्येक पुस्तकात लिहायचे ते. पुढं कधी कोणी हे उकललं तर त्याला कळावं म्हणून, असं म्हणायचे. उकलणारा कोणीतरी येणार हे त्यांनी धरूनच ठेवलेलं होतं.

भाषणात पहिल्यांदा मी रडणार आहे, थोडं. मेनँडरनं सांगितलंय म्हणून नाही, येईल तेवढंच. मग हा रस्ता सांगणार. मग योहानाच्या अकराव्या अध्यायातलं ते दोन शब्दांचं वचन, 'येशू रडला', आणि त्याला लागून अँब्रोजची ओळ. मग पौल. मग पेन्सिलीनं लिहिलेली ती तारीख.

दीडशे ओळींच्या आत बसेल असं वाटतं. आईला विचारलं, खळीचं सांगू का. ती म्हणाली, "मोरचूद विसरू नकोस. त्यांचे हात निळे असायचे."